अकराने भागायला हवं होतं

पंखा दुरुस्त करणारा माणूस फडक्याला हात पुसत आला आणि त्याने एक कागद बाईंच्या टेबलावर ठेवला.

"एक सही, मॅडम. आता बघा कसा ओढतोय. जवळ उभ्या राहिलात तर डोक्यावरचे केस ओढून नेईल."

बाई हसल्या. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं. विषारी वाफा सुटणारे प्रयोग त्यात करायचे, आणि वरचा पंखा त्या वाफा बाहेर ओढून न्यायचा. मागचं सबंध सत्र तो पंखा बंद होता. चार पत्रं आणि दोन भांडणं झाल्यावर आज माणूस आला होता, म्हणून बाई खुशीत होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि एकेक रकाना भरायला घेतला. यंत्र किती दिवस बंद होतं, ते नोंदवहीत पाहून लिहिलं. पुढचा रकाना होता, 'त्यामुळे कामाचा झालेला खोळंबा'. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रयोग क्रमांक नऊ रद्द करावा लागला.'

पूर्णविराम दिला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

नऊ रद्द. म्हणजे बारातले उरले अकरा. सात भागिले अकरा. बाईंना असल्या हिशेबाला कागद लागत नसे. त्रेसष्ट पूर्णांक चौसष्ट शतांश.

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मॅडम, सही राहिली," तो माणूस म्हणाला.

बाईंनी सही केली. नेहमीपेक्षा ती जरा वाकडी आली.

विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'दशांशबाई' म्हणत. त्या गुण देताना दशांशचिन्हानंतर दोन आकडे लिहीत, आणि एकोणचाळीस पूर्णांक नव्वदचे चाळीस करा म्हणून कुणी रडत आलं तर शांतपणे म्हणत, "नव्वद म्हणजे शंभर नव्हे." हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत होतं.

त्या सात प्रयोगांची गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. अंतिम परीक्षेला आठवडा उरला असताना एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली होती. बत्तीस-तेहेतीस वर्षांची, रक्तपेढीत मदतनीस म्हणून काम करणारी. कामावरूनच थेट वर्गात यायची, त्यामुळे सगळे तिला रक्तपेढीवाली म्हणत. बाई बाकीच्या पोरापोरींना सरसकट 'तू' म्हणत, हिला मात्र 'तुम्ही'. तिने रक्तपेढीचं पत्र पुढे केलं. दोन माणसं एकदम सोडून गेल्यामुळे तिला महिनाभर दुहेरी पाळी करावी लागली होती. प्रयोगाचे बरेच तास बुडाले होते.

"रजा मागितली, मॅडम. तर साहेब म्हणाले, रक्त कुणासाठी थांबून राहत नाही."

विद्यापीठाचा नियम सरळ होता. योग्य कारणाने काम मागे राहिलं असेल आणि निदान साठ टक्के पुरं झालं असेल, तर शिक्षकाने 'अपूर्ण' असा शेरा द्यायचा. मग विद्यार्थ्याने उरलेलं काम पुढच्या सत्रात करायचं आणि अंतिम परीक्षाही तेव्हाच द्यायची. साठच्या खाली असेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. थेट नापास, आणि तो विषय पुढच्या वर्षी पहिल्यापासून.

बाईंनी प्रयोगांची पुस्तिका समोर ओढली. मुखपृष्ठावर छापलेलं होतं, 'एकूण प्रयोग : बारा'. एका कपट्यावर त्यांनी सात भागिले बारा मांडलं आणि कपटा तिच्याकडे फिरवला.

"अठ्ठावन्न पूर्णांक तेहेतीस. साठ होत नाहीत."

रक्तपेढीवाली त्या कपट्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिने तोंड उघडलं, मग मिटलं.

"बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "त्यांच्याकडे वरची जागा निघालीये. पदवी मिळाली असती तर मला मिळणार होती. पण हिशेब म्हणजे हिशेब."

"एकासाठी नियम वाकवला की बाकीच्यांवर अन्याय होतो," बाई म्हणाल्या होत्या.

आता त्यांना ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. त्याहून वाईट म्हणजे, ते बोलून झाल्यावर त्यांना जे वाटलं होतं तेही आठवत होतं. नुकतीच धुऊन पालथी घातलेली काचेची भांडी पाहून वाटतं तसं स्वच्छ वाटलं होतं त्यांना. इतकंच नाही, दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ही हकीकत सगळ्यांना सांगितली होती. "वाईट वाटतं हो, पण काय करणार," असं म्हणत. त्यावर विभागप्रमुख म्हणाले होते, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आपल्या निकालाला किंमत आहे." बाईंना ते गोड वाटलं होतं.

वर्गातल्या बाकी सगळ्यांनी अकराच्या अकरा प्रयोग केले होते. भागाकार फक्त एकीसाठी करावा लागला, आणि तेवढा एकच चुकला.

*

परीक्षा विभागात खिडकीपाशी शिक्केकाका बसत. त्यांच्या टेबलावर सतरा शिक्के एका ओळीत उभे असत आणि न बघता ते हवा तो उचलत.

"या बाई! आज कुणाला नापास करायचं राहिलं?"

"एक शेरा बदलायचा आहे. 'अपूर्ण' द्यायचा आहे, मागच्या सत्रातला."

"तुम्हाला?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आज सूर्य कुठल्या बाजूला उगवला, मी बघितलंच नाही." मग त्यांनी खणातून दोन कागद काढले. "हे बघा. हा 'विशेष बाब'. शिक्षकाच्या अधिकारात सवलत. एक पान. आज द्या, परवा शेरा बदलून मिळेल. आणि हा 'दुरुस्ती'. यात चूक कुणाची, कशी झाली, ते लिहायचं. मग विभागाच्या बैठकीत वाचून दाखवायचं, इतिवृत्तात नोंद करायची. कोण भरतंय हो हा! सव्वीस वर्षांत मी तीन बघितले, आणि तिन्हीत चूक निघाली शिपायाची."

बाईंनी दोन्ही कागदांकडे पाहिलं. दुसऱ्यावर 'चूक करणाऱ्याचे नाव व हुद्दा' असा एक लांबलचक रकाना होता.

"पहिला द्या," त्या म्हणाल्या.

"मागच्या बाजूला अटी आहेत. वाचून घ्या."

"माहीत आहेत."

बाईंना त्या माहीत नव्हत्या. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय गोळी न घेणाऱ्या बाईंनी तो कागद उलटला नाही. काम तर होतंय ना तिचं, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि 'विशेष बाबीचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'विद्यार्थिनीची कौटुंबिक व कामाची अडचण लक्षात घेऊन.' शिक्केकाकांनी शिक्का मारला.

"पुण्य लागेल तुम्हाला," ते म्हणाले.

*

चौथ्या दिवशी रक्तपेढीवाली प्रयोगशाळेत आली. पहिल्या वर्षाचा वर्ग चालू होता, तीसेक पोरं परीक्षानळ्या घेऊन उभी होती. ती दारातूनच जवळजवळ धावत आली.

"मॅडम! पत्र मिळालं. मला खरंच वाटेना. आमच्या सासूबाई म्हणाल्या, पुन्हा वाच, नीट वाच. दोनदा वाचून दाखवलं. म्हणाल्या, अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय."

पोरं बघायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीच्या कानात कुजबुजली, "दशांशबाईंनी सवलत दिली?"

"तुम्ही माझ्यासाठी नियम बाजूला ठेवलात," रक्तपेढीवाली म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

आता सांगावं, असं बाईंना वाटलं. वाक्य अगदी लहान होतं. पण तीस पोरं होती.

"हातमोजे घाला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून आठव्या प्रयोगाला सुरुवात करू."

त्या रात्री जेवताना त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताई त्यांची मोठी बहीण. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले, आणि मागच्या खोलीत दोघी राहत. ताईचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण बाई कुठलीही गोष्ट तिला सांगितल्याशिवाय झोपत नसत.

ताईने घास खाली ठेवला. "थांब, मला नीट कळू दे. चूक तुझी, आणि उपकारही तुझेच?"

"काम तर झालं ना तिचं."

"झालं की. म्हणजे मी गिऱ्हाइकाचं कापड चुकीचं कापायचं, मग तेच उसवून शिवून द्यायचं, आणि वर गिऱ्हाइकाने म्हणायचं, ताई, तुमचे फार उपकार झाले. हा धंदा मला आधी सुचला असता तर आज बंगल्यात राहिलो असतो आपण."

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा कुठं करतेय? मला एवढंच सांग, तिला सांगायचं का नाही? ती काय खाणार आहे तुला?"

ती खाणार नव्हती, हे बाईंनाही माहीत होतं. भीती तिची नव्हतीच. सव्वीस-सत्तावीस वर्षं जपून ठेवलेलं एक चित्र होतं, त्यात त्या ताठ उभ्या होत्या. त्या चित्राला हात लावायचा नव्हता त्यांना. हे ताईला सांगायचीही त्यांना लाज वाटली.

*

आठवा प्रयोग थेंबाथेंबाने करायचा होता. उभ्या काचनळीतून एक द्रावण खालच्या चंचुपात्रात सोडायचं आणि रंग फिका गुलाबी झाला की त्या थेंबाला थांबायचं. रक्तपेढीवालीचा हात चांगला होता. रोज शेकडो नमुने हाताळणाऱ्या माणसाचा असतो तसा, न थरथरणारा. बाई शेजारी उभ्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"तुमच्या त्या वरच्या जागेचं काय?" बाईंनी विचारलं. विचारताना आवाजात थोडा मोठेपणा आला होता. हे सगळं आपल्यामुळे मार्गी लागतंय, असं त्यांना नकळत वाटायला लागलं होतं.

"ती गेली, मॅडम."

"गेली कशी? परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पदवी मिळेल की."

"पदवी मिळेल. पण विशेष बाबीत चाळीसच्या वर गुण देत नाहीत ना. पेपर कितीही चांगला लिहिला तरी चाळीसच. मागच्या बाजूला लिहिलंय तसं. त्या जागेला या विषयात पंचावन्न लागतात." ती नळीकडे बघतच बोलत होती. "जाऊ दे. पदवी तरी हातात येईल. तुम्ही जेवढं करता येईल तेवढं केलंत."

मागच्या बाजूला. बाईंनी टेबलाची कड धरली.

"नववा प्रयोग रद्द झाला होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आठवतं?"

"आठवतं की. पंखा बंद होता."

"मग त्या दिवशी मी बाराने भागलं तेव्हा…"

"मला वाटलं होतं विचारावं," रक्तपेढीवाली म्हणाली. एक थेंब पडला, मग दुसरा. "पण तुम्ही लिहून दाखवलंत. म्हटलं, मॅडमचं कधी चुकत नाही, आपणच काहीतरी विसरत असू. घरी जाऊन वही काढून पुन्हा मोजलं. त्रेसष्ट येत होते. यांनाही दाखवलं. हे म्हणाले, तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का? मग वाटलं, रद्द झालेला प्रयोगही धरायचा असा काही नियम असेल."

"असा काही नियम नाही."

तिचा हात तोटीवर तसाच राहिला. पात्रातला रंग फिका गुलाबी झाला, मग गडद, मग अगदी जांभळट. बाईंनी सबंध नोकरीत असं मोजमाप कुणाला वाया घालवू दिलं नव्हतं. आज जाऊ दिलं.

"माझी चूक होती," त्या म्हणाल्या. "अकराने भागायला हवं होतं. तुम्हाला त्याच वेळी 'अपूर्ण' मिळायला हवं होतं, पूर्ण गुणांसकट."

रक्तपेढीवालीने तोटी बंद केली.

"आणि ही विशेष बाब?"

"ती मी चूक लपवायला भरली. मागचं पान वाचलंच नाही."

तिने हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत. ते नीट कचऱ्याच्या डब्यात टाकले, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली. दारही आपटलं नाही तिने. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

*

'दुरुस्ती'चा अर्ज मागितला तेव्हा शिक्केकाकांनी या वेळी विनोद केला नाही. कागद देताना ते हळूच म्हणाले, "बाई, या रकान्यात 'कार्यालयीन' असं लिहिलं तरी चालतं. कुणाचं नाव लागत नाही."

"कार्यालयाने काही केलेलं नाही, काका."

बाईंनी आपलं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. 'चूक कशी झाली' यासाठी सहा ओळींची जागा होती. पहिल्यांदा त्यांनी पंख्याबद्दल लिहिलं, मग ते सगळं खोडून नवा कागद मागितला. पंखा बिचारा काय करणार.

बैठक शुक्रवारी होती. लांब टेबलाभोवती आठ सहकारी, टोकाला विभागप्रमुख, कोपऱ्यात नोंदी घ्यायला शिक्केकाका. विषय क्रमांक दोन आला तेव्हा रक्तपेढीवालीला आत बोलावलं. ती कामाच्या पांढऱ्या कोटातच आली होती. दाराजवळच्या खुर्चीवर बसली, बाईंकडे न बघता.

बाई उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. त्यांचा आवाज सव्वीस-सत्तावीस वर्षं वर्गात शिकवून पक्का झालेला होता, पण तिसऱ्या ओळीला तो फाटला आणि त्यांना पाणी प्यावं लागलं. कुणीतरी कपातल्या गार झालेल्या चहात चमचा फिरवत होतं.

वाचन संपल्यावर विभागप्रमुख खाकरले. "असं आहे, बाई, आपण याला नजरचूक म्हणू या. इतिवृत्तात तेवढाच शब्द जाऊ दे. माणसाच्या हातून होतं."

"भागाकार चुकला ती नजरचूक होती, सर," बाई म्हणाल्या. "विशेष बाब मी डोळे उघडे ठेवून भरली."

शिक्केकाकांचं पेन थांबलं. त्यांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी नाइलाजाने मान हलवली, आणि काकांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. बाईंना तो पेनाचा आवाज ऐकू येत होता.

दुरुस्ती मंजूर झाली. गुणांवरची मर्यादा गेली.

"तुम्हाला काही म्हणायचंय का?" प्रमुखांनी रक्तपेढीवालीला विचारलं.

"वरच्या जागेचा अर्ज मला पंधरा तारखेपर्यंत द्यायचाय. गुणपत्रिकेसकट. आधी वाटलं गेलीच ती जागा, पण कुणाला घेतलेलं नाही अजून." ती थांबली. "परीक्षा नऊ तारखेला आहे. निकाल वेळेवर लागेल का?"

"एरवी तीन आठवडे लागतात," शिक्केकाका म्हणाले.

"उत्तरपत्रिका मी त्याच दिवशी तपासून देईन," बाई पटकन म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत."

"तुम्ही नको," रक्तपेढीवाली म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. नमुन्यावरची चिठ्ठी वाचून दाखवावी तशी बोलली होती.

"म्हणजे, माझी विनंती आहे. उत्तरपत्रिका दुसऱ्या कुणीतरी तपासावी. उरलेले प्रयोगही दुसऱ्या कुणाकडे करता आले तर बरं."

टेबलाभोवती सगळ्यांनी आपापल्या कागदांत डोकं घातलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांत, पोरं रडली होती, बापांनी येऊन आरडाओरडा केला होता, पण बाईंची तपासणी नको असं कुणीही कधी म्हटलं नव्हतं. प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचा चेहरा गळ्यापासून तापत वर आला. तो लपवायला हातात काहीच नव्हतं, अर्ज तर काकांकडे गेला होता.

"त्यांचं म्हणणं योग्य आहे," त्या म्हणाल्या.

सगळ्यात धाकट्या सहकाऱ्याने, ज्याला बाईंनीच शिकवलं होतं, दोन्ही कामं अंगावर घेतली. तो "चालेल, बाई" म्हणाला आणि मग गडबडून "चालेल, सर" असं प्रमुखांना म्हणाला. रक्तपेढीवाली उठली, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला आणि बाहेर गेली.

विषय क्रमांक तीन निघाला. बाकांना नवा रंग द्यायचा होता. कुठला द्यावा यावर बरीच चर्चा झाली. बाई बसून राहिल्या.

पुढचे तीन आठवडे बाई रक्तपेढीवालीच्या तासाला प्रयोगशाळेत जायचं टाळत. एकदा जिन्यावर समोरासमोर आल्या तेव्हा रक्तपेढीवालीने बाजूला सरून वाट दिली, बाईंनीही सरून वाट दिली, आणि दोघी क्षणभर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग ती आधी खाली गेली.

निकाल तेरा तारखेला लागला. बाई शिक्षकांच्या खोलीतल्या प्रतीकडे गेल्या नाहीत. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या खाली फलकापाशी गेल्या, आणि विद्यार्थ्यांसारखं बोट लावून ओळ शोधली. एकसष्ट. धाकट्या सहकाऱ्याने दशांश दिले नव्हते.

काही दिवसांनी खिडकीतून शिक्केकाका म्हणाले, "तुमची रक्तपेढीवाली, तिला जागा मिळाली हो. गुणपत्रिकेच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायला आली होती, तेव्हा म्हणाली."

"हो का," बाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे येऊन गेली असेल."

"नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, हे उत्तर काकांना तक्रारीसारखं ऐकू जाईल. म्हणून खिडकीशी जरा वाकून त्या पुन्हा म्हणाल्या, "नाही आली, काका. तिने यायचं काही कारण नाही."